आळीपाळीचा श्वास

मार्च उजाडला तरी आमच्या गावातला बर्फ हलत नाही. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला लोखंडाच्या खाणी, दोन चर्च आणि एक हायस्कूल, एवढाच पसारा. त्या हायस्कूलात मी समूहगान शिकवते. ओडेगार्ड हे आडनाव उच्चारायचा मुलांना कंटाळा, म्हणून मी मिस ओ. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. बेसूर मुलांवर आहे, ती रोज दिसतात.

त्या वर्षी स्पर्धेसाठी मी जरा अवघडच गाणं निवडलं होतं. पियानोची साथ नाही, आणि शेवटी खालच्या पट्टीतल्या मुलींनी एकच सूर धरून ठेवायचा. इतका लांब सूर एका दमात कुणाच्या बापालाही धरता येत नाही. म्हणून श्वास आळीपाळीनं घ्यायचा. शेजारीण श्वास घेत असेल तेव्हा आपण गात राहायचं. ती सुरात परतली की मग आपली पाळी. हा नियम मी मुलींकडून घोटून घेतला होता.

त्या मुलींच्या रांगेत काइसा निएमी होती. आवाज इतका पक्का की बाकीच्या मुली तिच्या आधारानं सूर शोधायच्या. पण तिला दमा होता. एक दिवस तिची आई वर्गात आली, ओले बूट दारातच काढून मोज्यांवर उभी राहिली.

"पोरगी हट्टाला पेटलीय, गाऊ दे तिला. पण या थंडीत कित्येक रात्री मी तिच्या उशाशी बसून नुसते श्वास ऐकलेत. दम लागला तर थांबवाल ना?"

"सूर तुटला तरी बेहत्तर," मी म्हणाले. "शब्द देते."

त्यानंतरच्याच एका तालमीत कुणीतरी शिंकलं, हशा पिकला आणि त्या अख्ख्या रांगेनं एकदमच श्वास घेतला. सगळ्यांची तोंडं उघडलेली, खांदे वर गेलेले मी बघितले. थांबवायला हात उचलला, पण सूर तुटलाच नव्हता.

पियानोशी बसणारी डलोरिस या गाण्यात काम नसल्यानं विणकाम करत होती. "कोण गातंय गं?" मी तिला विचारलं.

"तुझीच पोरं, वर्नीस. मला काय विचारतेस?" ती म्हणाली. पण तिच्या सुया थांबल्या होत्या.

खोली घुमते म्हणावं, तर खाली जाड गालिचा. हवा गरम करणारा पंखा बंद करवला. मग मुलींना सूर धरायला लावला आणि एकेकीच्या तोंडाशी कान नेत रांगेतून चालत गेले. आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. काइसा आणि टोव्हा यांच्यामध्ये एक जागा मोकळी होती. तिथे माझ्या कानाशी सूर होता, आणि तो थांबत नव्हता.

"टोव्हा, काइसाकडे सरक," मी म्हणाले. "मधून ट्रक जाईल."

"जागा नाहीये, मिस ओ."

"डोळे आहेत ना तुला?"

"आहेत की. पण सरकलं की धक्का लागतो."

दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. काइसा हसली नाही. तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"तुझ्या डाव्या बाजूला कोण आहे?"

"माहीत नाही. पण मी दमले की ती धरते. तिच्यामुळे मला दमच लागत नाही." मग ती जरा घुटमळली. "फक्त एक आहे, मिस ओ. तिनं अजून एकदाही श्वास घेतलेला नाही. कधीतरी तिचीही पाळी येईलच ना?"

मला भीती वाटली. मी काइसाला पहिल्या रांगेत, अगदी दुसऱ्या टोकाला हलवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुली आपसूकच तिच्या डावीकडे जागा सोडून उभ्या होत्या. स्पर्धेला येऊ नकोस म्हणाले, तर पोर ढसाढसा रडली. आजवर खेळाच्या तासालाही तिला बाकावरच बसवलं होतं सगळ्यांनी. मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

स्पर्धा डुलुथच्या एका चर्चमध्ये होती. गाणं छान रंगलं. शेवटचा सूर लागला आणि मी काइसावरून नजर हलवली नाही.

मध्येच सूर एकदम पातळ झाला.

मग तो आवाज आला. कुणीतरी श्वास आत ओढत होतं. सावकाश, खोल. संपतच नव्हता.

बाकीच्या मुली पाळीपाळीनं श्वास घेत होत्या. काइसा घेत नव्हती. तिची शेजारीण अजून सुरात परतली नव्हती.

थांबायची खूण म्हणून मी मूठ मिटली. सगळे थांबले.

काइसा थांबली नाही.

ओठ निळे पडत चालले होते. सूर जराही हलत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, शहाण्या मुलीसारखी, मी शिकवलेला नियम पाळत.

"काइसा, श्वास घे!" मी भर सभेत किंचाळले.

आत ओढणं थांबलं. काइसाही थांबली.

तिला धाप लागली नव्हती. तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले, आणि ती हसली. परीक्षकांनी उशिरा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बस शाळेच्या आवारात लागली. गारठा हाडांत शिरत होता. मुलं उतरली, कलकलाट सुरू झाला आणि प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघू लागली. काइसा धावतच आईकडे गेली.

"आई, अगं, एकदाही दम लागला नाही! विचार मिस ओला!"

आईनं तिला घट्ट धरलं. मग डोळे पुसत माझा हात हातात घेतला. "शब्द पाळलात तुम्ही," ती म्हणाली.

काइसा बोलतच होती, चर्चबद्दल, परीक्षकांबद्दल, बसमध्ये टोव्हानं सांडलेल्या कोकोबद्दल, कुठेही न थांबता. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती. तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, कुणीच उभं नव्हतं. तिथे तोंडाच्या उंचीवर वाफेचा एक लहानसा ढग येत होता, विरत होता, परत येत होता.