विसराळू बाईची वही

कॅफेत एकाच टेबलाजवळ प्लग होता, आणि त्या टेबलावर रालित्सा बसली होती. बाहेर प्लोवदिव शहराच्या दगडी गल्ल्यांत नोव्हेंबरचा पाऊस रिपरिपत होता. केसांतून पाणी निथळणारा एक उंच तरुण तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बसू का? माझ्या लॅपटॉपचा जीव जायला आलाय."

"बसा. पण डोकं तिकडे झटका."

तो हसत बसला, लॅपटॉप उघडला... आणि पडद्यावरचं पान पाहून रालित्साच्या हातातला चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा हातातच राहिला. ते पान तिचंच होतं.

सहा वर्षं ती वेबसाइट बनवत होती. सुटलेली अडचण महिन्याभराने पुन्हा आली की डोकं कोरं — म्हणून उपयोगी पडलेले कोडचे तुकडे, काय कुठे कसं बसवायचं याची टिपणं ती एका जागी जमवून ठेवी. नाव दिलं होतं 'विसराळू बाईची वही'. पान सगळ्यांना उघडं होतं. पण कुणी वाचत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कुणाची हो ही वही?" तिने साळसूदपणे विचारलं.

"माहीत नाही. पण माझी गुरू तीच."

त्याचं नाव यावोर. डोंगरातल्या एका गावात तो भूगोल शिकवायचा. गावात मुलंच उरली नाहीत, शाळा बंद झाली. आता एकतिसाव्या वर्षी तो नवं काम शिकत होता. एका गिर्यारोहण मंडळासाठी रोडोपी डोंगरांतल्या, गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या चाळीस निवाऱ्यांची वेबसाइट त्याने करायला घेतली होती. शुक्रवारी दुपारी दाखवायची. पसंत पडली तर नोकरी पक्की.

"कशी असेल हो ही बाई?" रालित्साने वहीकडे बोट दाखवत विचारलं.

"साठीची. जाड भिंगांचा चष्मा. कुणाचं ऐकून न घेणारी."

"अरे वा, बरीच ओळख आहे!"

"वाचून कळतं ना. एका ठिकाणी लिहिलंय — 'हे चालत नसेल तर आधी जेवून घे.' अशा बाईच्या प्रेमात पडायला वय आडवं येत नाही."

रालित्साने खिडकीकडे तोंड फिरवलं. कान तापले होते. सांगायचं राहून गेलं... आणि मग रोजच राहत गेलं. रोज तेच टेबल, रोज 'अहो'चं थोडं थोडं 'अगं' होत गेलेलं.

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा यावोर लॅपटॉपकडे नुसता बघत बसला होता.

"सगळं गेलं," तो म्हणाला. "वहीतली एक कमांड दिली. पाटी कोरी करून सगळं नव्याने मांडणारी होती ती. मला वाटलं, फक्त मांडणी बदलेल. चाळीसच्या चाळीस निवारे पुसले गेले."

रालित्साला ते टिपण पाठ होतं. 'आधी माहितीची प्रत काढून ठेवा' ही ओळ तिथे नव्हती. वर्षापूर्वी कुणीतरी तसं कळवलंही होतं. उद्या करू म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. गप्प बसली असती तर त्याला कधीच कळलं नसतं.

"यावोर... ती बाई मीच आहे."

तो कोट उचलून पावसात निघून गेला.

तिने आधी ती ओळ वहीत लिहिली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चहा गार झाला.

तासाभराने खुर्ची सरकली. यावोर नखशिखांत भिजला होता.

"रागावलोय मी," तो म्हणाला. "पण ते नंतर बघू. निवारे मला तोंडपाठ आहेत, पायी हिंडलोय सगळे. मी सांगतो, तू टाइप कर. तुझा हात भरभर चालतो."

तो सांगत गेला. कुठे झऱ्याचं पाणी गोड, कुठे म्हातारी राखणदार बीनचं सूप पाजल्याशिवाय सोडत नाही, कुठे दार लाथ मारूनच उघडावं लागतं... संध्याकाळी कॅफे बंद होताना तिची बोटं दुखत होती, आणि न पाहिलेल्या डोंगरांवर तिचा जीव जडला होता. डोंगरांवरच, असं तिने स्वतःला बजावलं.

शुक्रवारी दुपारी ती मंडळाच्या कचेरीबाहेर जिन्याखाली उभी होती. यावोर खाली आला.

"घेतलं मला. म्हणाले, वाचताना पाय शिवशिवतात." तो थांबला. "एक निवारा मात्र मी काल मुद्दामच गाळला."

"का रे?"

"सगळ्यांत सुंदर आहे. तिथे गर्दी नको होती मला." त्याने तिच्या कोटाचं वरचं, उघडं राहिलेलं बटण हळूच लावलं. "काल तू बोलली नसतीस तरी चाललं असतं. पण बोललीस. तेव्हापासून... राग शोधतोय मी माझा, सापडत नाही. उद्या येशील तिथे? माझ्याबरोबर?"

"माझ्याकडे डोंगरात चालायचे बूट नाहीत," रालित्सा म्हणाली.

"दुकानं सातपर्यंत उघडी असतात."

तिने त्याच्या कोपरात हात घातला, आणि दोघं बूट घ्यायला निघाले.