तेविसावं नाव

तेविसावं नाव वाचून झालं, टीव्हीवरच्या त्या माणसाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि वहिनीने हातातली कपबशी खाली ठेवली... नाव नव्हतं! तेवीस खेळाडूंची यादी संपली होती आणि तिच्या सोन्याचं नाव त्यात नव्हतं!

यादी वाचणारा काही परका नव्हता. राष्ट्रीय फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक तिचा सख्खा धाकटा दीर होता, आणि ज्याला त्याने वगळलं होतं तो तिचा एकुलता एक मुलगा होता. बावीस वर्षांचा, या हंगामात क्लबसाठी नऊ गोल मारलेला आघाडीचा खेळाडू. सकाळपासून शेजारपाजारचे लोक अभिनंदनाची पूर्वतयारी म्हणून जिन्यात डोकावून जात होते. आता जिना एकदम चिडीचूप झाला.

तिच्या नवऱ्याने टीव्ही बंद केला. बस डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडणारा तो दांडगा माणूस, पण आवाज नको इतका हळू निघाला.

"आजपासून धाकट्याला या घराचा उंबरा बंद. माझा भाऊ मला मेला."

"अहो, असं अभद्र बोलू नका..."

"बाबा, जाऊ द्या ना," कोपऱ्यातून सोन्या म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती. "काकांनी काहीतरी विचार केला असेल."

"तू गप! तुझ्या ताटातला घास काढून घेतला त्याने, आणि तू त्याचीच वकिली करतोस?"

वहिनीच्या अंतःकरणात एकाच वेळी दोन मुलांसाठी कालवाकालव होत होती, आणि त्यातलं कोणतं आपलं अधिक, हे त्या क्षणी तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

कारण धाकटा तिने वाढवला होता! ती लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आई नसलेला, काडीसारखा, गुडघे कायम फुटलेले. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्याच महिन्यात तिला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं होतं. लहानपणापासून एवढं एकच स्वप्न तिने उराशी जपलं होतं. पण ती गेली तर सासऱ्यांची कूस कोण बदलणार? आणि पहाटे या पोराला उठवून, दूध पाजून, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानावर कोण नेणार? "मला काही शिकण्यात रस उरला नाही बाई," असं हसत सगळ्यांना सांगून तिने शाळांचे गणवेश शिवायचं मशीन घरी आणलं. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

पोराने मात्र त्या पहाटांचं सोनं केलं. सतराव्या वर्षी मोठ्या क्लबने त्याला नेलं, विसाव्या वर्षी तो देशाकडून खेळला, आणि पुढची आठ वर्षं असा एक बचावपटू नव्हता ज्याची झोप त्याने उडवली नाही. मग एका सामन्यात वळताना गुडघ्यात काहीतरी तुटलं... त्याआधी कित्येक महिने त्या गुडघ्याचं दुखणं तो इंजेक्शनं घेऊन अंगावर काढत होता, हे नंतर कळलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आठ महिने तो याच घरात होता, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा पाय मांडीवर घेऊन वहिनी तो वाकवत असे, सरळ करत असे. पाय चालता झाला. खेळता कधीच झाला नाही. एकोणतिसाव्या वर्षी संपलेला तो खेळाडू मग शिकवू लागला, आधी शाळकरी मुलांना, मग छोट्या क्लबला, मग मोठ्या. आणि गेल्या वर्षी थेट राष्ट्रीय संघाला.

त्याने आपल्या सोन्याला का वगळावं? यादी जाहीर झाल्यापासून तीन दिवस नवऱ्याने घास घशाखाली उतरवला नाही. चौथ्या दिवशी दुपारी, कापड आणायला जाते असं सांगून, दोन बस बदलून वहिनी संघाच्या सराव मैदानावर पोचली.

तो गळ्यातली शिट्टी सावरत कुंपणापाशी आला. कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"वहिनी, एवढ्या उन्हात? फोन करायचास. गाडी पाठवली असती."

"गाडीत बसायला नाही आले मी. एवढंच सांग, त्याचं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

त्याने नजर गवतावर वळवली. "तो या संघात नको, एवढंच."

"एवढंच? दादा जेवत नाहीत तुझे. डेपोत लोक तोंडावर विचारतात त्यांना. मला कारण सांग, मी समजावते त्यांना."

"कारण मला सांगता येत नाही, वहिनी. माझ्यावर विश्वास ठेव."

आणि तिथे, त्या कुंपणापाशी, इतक्या वर्षांचा तिचा बांध फुटला!

"विश्वास? अरे, तुझ्यासाठी मी नर्सिंगचं शिक्षण सोडलं! माझं आयुष्य त्या शिलाईच्या मशीनवर घातलं... त्याची ही फेड?"

शब्द तोंडातून सुटले आणि तिचं तिलाच काहीतरी घाण सांडल्यासारखं वाटलं. तो मात्र चिडला नाही. कुंपणाचं फाटक उघडून तो बाहेर आला. मग म्हणाला, "चल, तुला बसपर्यंत सोडतो."

"नको," ती म्हणाली, आणि एकटीच वळली.

संघ स्पर्धेसाठी परदेशी गेला. पहिला सामना जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला, तिसरा जिंकून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. घरात टीव्हीचं बटण कोणी दाबत नव्हतं. शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून स्कोअर कळायचा. आणि अशाच एका सकाळी, इमारतीची लिफ्ट बंद असताना, वहिनी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती आणि वरून सोन्या उतरत होता. आईची चाहूल त्याला लागली नव्हती. तो कठडा धरून, अंग तिरकं करून, आधी डावा पाय खाली टेकवून मग उजवा त्याच्या शेजारी आणत होता... एकेक पायरी, दात आवळून.

वहिनीच्या हातातली पिशवी गळाली. दोन टोमॅटो टपटप खालच्या मजल्यापर्यंत गेले. धाकट्याचं असंच उतरणं तिने पाहिलं होतं! हाच जिना, अशीच तिरकी पावलं, आठ महिने!

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय, आई?"

"मला शिकवू नकोस. गुडघा. कधीपासून?"

तो पायरीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. चार महिने तो गुपचूप इंजेक्शनं घेऊन खेळत होता. संघाच्या शिबिरात काकांनी त्याला वळताना पाहिलं, आणि कुणाला न सांगता बाहेरच्या डॉक्टरकडे नेऊन तपासणी करवली. गुडघ्याला बांधून ठेवणारी आतली दोरी अर्धी तुटली होती. एक चुकीचं वळण, की संपलं.

"मी पाया पडलो काकांच्या. म्हटलं, खेळू द्या, एवढीच स्पर्धा. ते म्हणाले, मरेन पण तुला उतरवणार नाही. मग म्हटलं, निदान कुणाला सांगू नका, दुखणं लपवलं म्हणून माझ्यावर बंदी येईल. ते म्हणाले, 'मी सांगितलं तर तू लबाड ठरशील. तू स्वतः सांगितलंस तर खेळाडू म्हणून उरशील. स्पर्धा संपेपर्यंत वेळ घे. तोवर लोकांच्या शिव्या मी खातो.'"

"आणि आम्हाला?"

"मीच शपथ घातली त्यांना. बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आई! डेपोत गेले की शहरभर झालं असतं."

वहिनीला मैदानाचं ते कुंपण आठवलं. "विश्वास ठेव," तो म्हणाला होता... आणि आपण त्याच्या तोंडावर काय फेकलं! तरीही ती मुलाला एवढंच म्हणाली, "बाबांना मी नाही सांगणार. तुझं तू सांग. पण उशीर करू नकोस. कोणीतरी तुझं ओझं वाहतंय."

दोन दिवसांनी उपांत्यपूर्व सामना झाला. त्या दिवशी नवऱ्यानेच टीव्ही लावला. आपल्यावर एक गोल बसला, फिटला नाही. आपल्या आघाडीच्या खेळाडूंनी दोन सोप्या संधी आभाळात मारल्या. सामन्यानंतर पत्रकारांनी धाकट्याला घेरलं. पुतण्या असता तर निकाल बदलला असता का? पश्चात्ताप होतोय का?

"निर्णय माझा होता," तो शांतपणे म्हणाला, "आणि पराभवही माझाच आहे. मी राजीनामा देतोय."

"बरं झालं!" नवरा ओरडला. "आता तरी..."

"बाबा!" सोन्या उठून टीव्हीच्या समोर उभा राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. बापाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि उद्या क्लबला आणि वर्तमानपत्रांनाही स्वतःच सांगणार, हेही सांगितलं.

त्या दांडग्या माणसाने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "भाऊ मला मेला, असं म्हणालो मी..." एवढेच शब्द कसेबसे बाहेर पडले.

संघ परतला त्या सकाळी तो कामावरूनच, तेलाने माखलेल्या कपड्यांत, विमानतळावर गेला. पहारेकरी आत सोडेना. घोषणा देणाऱ्यांची, शिव्या देणाऱ्यांची दाटी. कॅमेऱ्यांसमोर ताठ मानेने चाललेला धाकटा आता गाडीत बसणार, एवढ्यात मागून हाक आली, "अरे धाकट्या!" तीस वर्षं इंजिनांच्या वर चढवलेला तो आवाज! धाकटा गर्रकन वळला, हातातली बॅग तिथेच टाकली, आणि गर्दी कापत येऊन भावाच्या तेलकट खांद्यावर त्याने डोकं टेकलं. देशाचा माजी प्रशिक्षक मग स्कूटरच्या मागे, मांडीवर बॅग घेऊन, घरी आला.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तोच आत गेला.

"मी त्या दिवशी जे बोलले..." पाठमोरीच ती म्हणाली. "इतकी वर्षं जिभेवर येऊ दिलं नाही, आणि आलं तेही तुला घायाळ करायला. मला क्षमा कर रे..."

"वहिनी, ते नर्सिंगचं पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं होतं. अकरा वर्षांचा होतो, पण वाचता येत होतं. किती वेळा वाटलं, तुझ्याशी बोलावं. तू विषयच काढू द्यायची नाहीस. तुला एकदा तरी रागावायचा हक्क होता गं. त्या दिवशी तू रागावलीस आणि मला बरं वाटलं."

ती पदराने डोळे पुसत राहिली, आणि तो निमूटपणे भांडी विसळू लागला.

सोन्याने ठरल्याप्रमाणे सगळं जाहीर केलं आणि त्याची शस्त्रक्रिया झाली. क्लबने अर्धा हंगाम बाहेर बसवलं, थोडी बदनामी झाली, ती विरली. धाकटा एका शाळेच्या मुलींच्या संघाला शिकवू लागला. एवढा खूश तो वहिनीला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

वर्षभराने सोन्या पुन्हा देशाच्या संघात आला. आयुष्यात पहिल्यांदाच वहिनी स्टेडियमवर गेली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला टोपी डोळ्यांवर ओढलेला धाकटा. शेवटच्या दहा मिनिटांसाठी सोन्या मैदानात उतरला. त्याने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला, सारं स्टेडियम हळहळलं, आणि मागच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला तावातावाने म्हणाला, "गुडघ्याचं काहीही सांगोत, याच पोराला त्या काकाने तेव्हा बाहेर ठेवलं! नाहीतर कप आपलाच होता. सख्खा काका असा? वैरी परवडला!"

नवरा उसळून उठू लागला. धाकट्याने त्याचा हात दाबला. "बस, दादा. मॅच बघ."

पण वहिनी उठली. जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेली ती बाई मागे वळली, आणि मैदानावरच्या कोलाहलातही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"त्या काकाने बाहेर ठेवला, म्हणून तो आज आत धावतोय. मला विचारा. मी त्या दोघांचीही आई आहे."