आधी बोलणं, मग नोंद

तेजश्री माळवदे यांना या प्रशिक्षणातून काय मिळणार होतं, ते त्यांनी आधीच मनाशी मांडून ठेवलं होतं. प्रमाणपत्र मिळालं की वाचनालयाच्या टेबलावरची सव्वीस वर्षांची हंगामी नोकरी कायम होणार. नोकरी कायम झाली की रजा हक्काची होणार. आणि रजा हक्काची झाली की नणंदेकडच्या दर बारशाला 'सुट्टीच मिळत नाही हो' म्हणून टाळायची सोय मात्र जाणार. म्हणजे मिळकतीत एक खोट होतीच, पण एकूण व्यवहार फायद्याचा होता.

रेठरणीच्या मित्रमंडळ वाचनालयाचाही फायदाच होता. २०५१ साली सरकारनं जाहीर केलं होतं की जे वाचनालय 'स्मरणरेषा' नीट चालवील, ते 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जाईल. अध्यक्षांनी हारवाल्याला त्याच दिवशी सांगून ठेवलं.

स्मरणरेषा म्हणजे फार भानगडीची गोष्ट नव्हती. माणसाची स्मृती झिजू लागली की ते डॉक्टरच्या आधी, बायकोच्याही आधी, त्याच्या वाचनालयाच्या नोंदींना कळतं, एवढाच तो शोध. शाबूत डोक्याचा माणूस वाचलेलं पुस्तक पुन्हा नेतो ते जाणूनबुजून, आणि पुरतं वाचतो. विसरू लागलेला माणूस तेच पुस्तक नवं समजून नेतो. पन्नासाव्या पानावर त्याला शंका येते, आणि दुसऱ्या दिवशी तो काही न बोलता परत आणून ठेवतो. एखाद्या वेळी असं कुणाचंही होतं. पण वर्षभराच्या देवघेवीचे ठिपके जोडत गेलं तर एक रेषा तयार होते, आणि स्मृतीचा उतार असेल तर तिच्यात दिसतो. तोही, माणूस चारचौघांत नावं विसरू लागण्याच्या चार-पाच वर्षं आधी. वाचनालयानं फक्त वाचकाची सही घ्यायची, पुस्तक स्कॅन करायचं. बाकीचं गणित दूरचा संगणक करणार.

प्रशिक्षण ऑनलाइन होतं. स्मरणरेषेचा शोध लावणाऱ्या डॉ. अन्वी इनामदार पुण्याहून वाचनालयाच्या भिंतीवर अवतरल्या.

"नियम एकच," त्या म्हणाल्या. "वाचकानं टेबलावर पुस्तक ठेवलं की आधी स्कॅन, मग बोलणं."

"मॅडम, माणूस समोर आल्यावर आधी 'या, बसा' म्हणायचं नाही का?" तेजूताईंनी विचारलं.

"म्हणा की. स्कॅन करून म्हणा."

"सासरे दारात आले की आधी वजनकाट्यावर उभं करायचं आणि मग पाणी विचारायचं, तसलं झालं हे," तेजूताई शेजारच्या ग्रंथपाल इरफान बागवानांच्या कानात म्हणाल्या. माइक चालू होता. भिंतीवरच्या डॉक्टरही हसल्या.

"आणि स्कॅनरवर हिरव्याऐवजी हा पिवळा ठिपका आला तर?"

"वाचलेलं पुस्तक पुन्हा आलंय असं समजायचं. तुम्ही काही करायचं नाही."

"म्हणजे त्या माणसाच्या नावापुढं तो लागला?"

"लागला."

"कायमचा?"

"नोंदच आहे ती ताई, पुसत नाही."

तेजूताईंनी वहीत लिहून घेतलं: पिवळा म्हणजे वाईट शेरा.

दुपारच्या जेवणात बासुंदी होती. त्यानंतरच्या तासात तेजूताईंचे डोळे उघडे होते, आणि हजेरीपुरतं तेवढं चालतं.

पुढच्याच सोमवारी खटावकर सर आले. वय अठ्ठ्याहत्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक. रेठरणीतल्या अर्ध्या गावाला त्यांनी बेरीज शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला छडी. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जुने वाचक पुस्तकात गुपचूप आपापली खूण करून ठेवतात. कुणी पानाच्या आकड्याला गोल करतं, कुणी कोपऱ्यात टिंब देतं. सरांची खूण एकतिसाव्या पानावर, पेन्सिलीचा बारीक त्रिकोण. अलीकडे सर खूण करायचे, पण बघायला विसरायचे.

"काय गं तेजश्री, हे घेऊ का? बरं दिसतंय."

तेजूताईंनी सवयीनं एकतिसावं पान उघडलं. त्रिकोण होता. शेजारी दुसराही होता. त्यांचा हात स्कॅनरपर्यंत गेला आणि थांबला. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना शेरे दिले, त्याच्या नावापुढं पिवळा शेरा लावायचा?

"ते राहू दे सर, बांधणी सुटलीय, वाटेत पानं गळतील. हे बघा, हे कालच आलंय."

मग स्कॅन. हिरवा ठिपका.

"तुझी निवड चांगली असते हो. गणितात मात्र शून्य होतीस."

"पस्तीस होते सर!"

"ते मी दिले होते."

युक्ती बसली. हळूहळू असे अकरा वाचक झाले. कुणाच्या पुस्तकाला कसर लागलेली असायची, कुणाचं दुसऱ्यानं राखून ठेवलेलं असायचं. स्कॅनरच्या आधी तेजूताईंची जीभ चालायची.

"ताई, नियम आधी स्कॅनचा आहे," बागवान एकदा दबकत म्हणाले.

"मग उद्या तुमचे सासरे आले की तुम्हीच करा सर. पिवळं आलं की घरी जाऊन सांगा भाभींना."

सासरे अकरांत होते. बागवानांनी चष्मा पुसला आणि तो विषय तिथंच संपला.

दोन वर्षांनी जिल्ह्याची यादी लागली. रेठरणीत सत्तरीपुढच्या एकाही वाचकाची रेषा उतरलेली नव्हती! 'अ' वर्ग मिळाला, हार आले, तेजूताई कायम झाल्या. डॉ. अन्वी स्वतः गाडी करून आल्या, पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या घेऊन.

"आमचं पाणीच तसं आहे," अध्यक्ष म्हणाले. "शिवाय ज्वारी."

डॉक्टरांनी पाणी घेतलं, ज्वारी घेतली, आणि टेबलाजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसल्या. चार वाजता सर आले, बांधणी सुटली, पुस्तक बदललं, हिरवा ठिपका आला, सर गेले.

"ताई, ते बांधणी सुटलेलं बघू?" डॉक्टरांनी पुस्तक हातात घेतलं. "घट्ट आहे की." एकतिसाव्या पानाशी त्या थांबल्या. शेजारी शेजारी दोन त्रिकोण होते.

तेजूताईंनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. "दोन वर्षांत एकालाही शेरा लागू दिला नाही मी!"

"ताई, तो शेरा नव्हता. रेषा निम्म्यावर यायच्या आत औषध सुरू केलं की झीज जागच्या जागी थांबते. निम्म्याच्या खाली गेली की औषध लागू पडत नाही. रेषा उतरली की आमचा माणूस औषध घेऊन घरी जातो. रेठरणीत तो एकदाही आला नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी सांगितलं होतं प्रशिक्षणाच्या दिवशी. जेवणानंतर."

"बासुंदी होती," तेजूताई म्हणाल्या.

"मग मॅडम, दोन वर्षं त्या रेषा होत्या कुणाच्या?" बागवानांनी विचारलं.

"यांच्या. अकरा जणांचं या एकट्या लक्षात ठेवत होत्या. आम्ही एकाच बाईची स्मृती अकरा वेळा मोजली."

अकराही जणांची तपासणी झाली. दहा जण वेळेत सापडले, बागवानांचे सासरे अगदी काठावर. खटावकर सरांची रेषा निम्म्याच्या खाली गेली होती.

पुढं राज्यभर स्कॅनर टेबलावरून उचलून पुस्तकांच्या खोलीच्या दाराच्या चौकटीत बसवले, म्हणजे पुस्तक टेबलाशी येण्याआधीच नोंद. कुणाची दया आड यायला नको. डॉ. अन्वींचा निबंध गाजला. वाचनालयाचा 'अ' वर्ग टिकला, कारण हे साधन इतकं बारकाईनं जिल्ह्यात दुसऱ्या कुणी शिकलंच नव्हतं. आणि तेजूताईंनी ठरवलं, सरांपासून आता काही लपवायचं नाही. एका सोमवारी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं.

सरांनी गणित तपासावं तसं ऐकून घेतलं. "म्हणजे सगळ्यांचं भलंच झालं की. मग यात गेलं कुणाचं?"

"तुमचं, सर."

सर तेजूताईंच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस." पुस्तक काखेत मारून निघून गेले.

पुढच्या सोमवारी आले ते हसतच. "काय गं तेजश्री, दारात हे यंत्र कधी बसवलं? कशासाठी?"

तेजूताईंनी खुर्ची पुढं केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

त्याला आता तीन वर्षं झाली. सरांनी किंमत एकदाच भरली, आणि ती त्यांच्या लक्षात नाही. तेजूताई दर सोमवारी भरतात.