सबख्यावरची तालीम

भानुदास सामंतांना अमेरिका बघायची होती. पण विमानातून उतरून हॉटेलात लोळणाऱ्या टुरिस्टासारखी नव्हे. घरच चाकांवर घ्यायचं आणि पश्चिमेकडच्या त्या अफाट राष्ट्रीय उद्यानांतून महिनाभर हिंडायचं! जुलैसाठी तिकडची गाडी बुक झाली होती. शारजाच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं नकाशाच पसरलेला असायचा. तेरा वर्षांच्या लेकीला, रुचाला, तिथल्या दऱ्याखोऱ्यांची नावं पाढ्यांसारखी पाठ होती. पण उन्हात राहायची, मोजून पाणी वापरायची सवय नको? म्हणून १९९९ च्या मे महिन्यात तालीम ठरली. लिवाच्या खजूरबागांपलीकडे, वाळवंटाच्या काठावर, स्वतःच्या गाडीतून.

ती गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. भानुदासांचा दोस्त हमीद, मूळचा रत्नागिरीचा. औद्योगिक भागातल्या आपल्या गॅरेजमध्ये त्याने तिच्यात दोन बाकं, छोटा ओटा आणि खाली पाण्याची टाकी बसवून दिली. संध्याला हा उपद्व्याप नकोच होता, पण नवऱ्याच्या हौसेवर पाणी कोण ओतणार?

निघताना शेजारच्या अपर्णाने दारातून विचारलं, "कुठे निघालात?" झालं! निघणाऱ्याला 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं, ही भानुदासांची पक्की समजूत. ते परत घरात गेले, सोफ्यावर बसले, घोटभर पाणी प्यायले, मग निघाले. अपर्णा बिचारी ओशाळली. खाली हमीद उभा होता. त्याला मित्राचा स्वभाव ठाऊक, म्हणून 'कुठे' टाळून त्याने विचारलं, "लांब का, भाऊ?"

"छे, इथंच. चार दिवसांत येतो."

"इन्शाल्ला. यल्ला, निघा. वैनी, सांभाळून."

संध्याला हसू आलं. ते हसू तिला पुढे फार महाग पडलं.

लिवा मागे पडलं. डांबर संपलं, तेल कंपनीची कच्ची वाट लागली. दोन्ही बाजूंनी तांबूस वाळूचे डोंगर उठत गेले आणि उन्हात सगळं इतकं निपचित पडलं होतं, की गाडीचा आवाजही आगाऊपणा वाटावा. मग दोन डोंगरांच्या मध्ये एक पांढरंफेक, सपाट मैदान दिसलं. भानुदासांचा जन्म बांधकामात गेलेला.

"बघ, स्लॅब टाकल्यासारखी जमीन! कॅम्प इथंच."

"अहो, वाट सोडू नका."

"वीस वर्षं काँक्रीट बघतोय मी. हेवी लोड घेईल ही जमीन."

पण तो सबखा होता. वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. गाडी मध्यावर पोचली आणि खालून कडकड आवाज आला. पापुद्रा फुटला! मागची चाकं रुतली. भानुदासांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली. गाडी पोटापर्यंत खाली बसली!

सगळी दुपार खणण्यात गेली. ओट्याची फळी चाकांखाली घातली, तीही गिळली गेली. मोबाइलला रेंज नव्हती. संध्याकाळी संध्याने चहासाठी नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. रुतताना टाकीचा पाइप फुटला होता, आणि खालची जमीन आधीच ओली असल्यामुळे गळती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. उरलं होतं आइसबॉक्समधलं बर्फाचं पाणी आणि थोड्या बाटल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे भानुदास वाट शोधायला गेले. वाऱ्याने चाकांच्या खुणाच नव्हेत, कच्ची वाटही वाळूने पुसून टाकली होती. चपला चिखलात गमावून ते भर उन्हात परतले तेव्हा त्यांच्या तळपायांची सालटी निघाली होती.

"हमीद येईल," ते म्हणाले.

"येईल, पण कुठे?" संध्या किंचाळली. "अख्ख्या शारजात एका माणसाला तरी सांगितलंत का?"

तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकाच स्वतःचाही. तिनेही कुठे सांगितलं होतं?

त्यांनी स्टेपनीचा टायर पेटवला. वाऱ्याने धूर जमिनीलगत लोळवला. कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. रुचा डोळे मिटून म्हणाली, "मम्मा, आय ॲम नॉट थर्स्टी एनी मोअर." संध्याने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं, आणि घामाचा टिपूस नव्हता.

"गाडी पेटवायची," ती म्हणाली.

"वेड लागलंय? सावली तेवढीच आहे!"

"पाण्यावाचून ती सावलीतच मरेल, अहो!"

भानुदास क्षणभर गाडीचं दार धरून उभे राहिले. मग स्वतःच आत शिरले. गॅस सिलिंडर काढून लांब ओढत नेला. रुचाला उचलून वाळूच्या डोंगराच्या सावलीत ठेवलं. चादर पेट्रोलमध्ये भिजवली. संध्याने काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. भडका उडाला!

काच तडकली. टायर फुटले. धाड! काळाकुट्ट धूर सरळ वर चढला. सावली मात्र आखडत होती. संध्या बाटलीच्या बुचातून रुचाच्या ओठांवर पाणी सोडत होती आणि भानुदास आपल्या अंगाने तिच्यावर सावली धरून उभे होते. बाटली संपली. आता फक्त वाट बघायची.

आणि डोंगराच्या माथ्यावर पांढरा पिकअप दिसला! उंटवाला म्हातारा अरब होता. तेल कंपनीची गाडी जळते आहे असं वाटून आला होता. "माय, माय!" म्हणजे पाणी, पाणी, असं म्हणत त्याने पाण्याचा डबा आणला. भानुदास तो रुचाच्या तोंडात ओतू लागले, तसा म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला. "शुवय, शुवय." हळूहळू. मग डोक्यावरचं फडकं भिजवून त्याने पोरीच्या कपाळावर ठेवलं.

जवळच्या हॉस्पिटलात तिला सलाइनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला; पण मूत्रपिंडांना मार बसला आहे, वर्षभर तपासण्या कराव्या लागतील.

रुचा शुद्धीवर आली तेव्हा भानुदास उशाशी बसले होते, तळपायांना बँडेज.

"बाळा, अमेरिका रद्द केली मी," ते म्हणाले. "खलास. नाही जायचं."

दोन वर्षं तोंडात दुसरं नाव नसलेली पोर. संध्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता रुसेल, आता भांडेल, निदान एकदा 'व्हाय' म्हणेल.

"ओके, बाबा," रुचा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

संध्या बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. वाळवंटात तिने डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. तिथे भिंतीला टेकून ती भडाभडा रडली.