न्हाय म्हणणारी चंपाक्का

लाल रंगाचा टपोरा थेंब बरोबर गुणाच्या हातातल्या कागदावर पडला.

"डोळे हाईत का न्हाईत?" वर बघून ती कडाडली.

सेहेचाळीस सालची गोष्ट. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात एका कापडदुकानाला शिडी लावून परशराम पाटी रंगवत होता. वडगावच्या विणकराचा मुलगा. माग सोडून कुंचला धरलेला. तो धडपडत खाली उतरला, कागद पुसू लागला आणि डाग आणखीच पसरला. कागदावर लुगड्याच्या काठाची नक्षी होती. वडिलांच्या मागासाठी गुणाच ती काढायची. परशरामने कागद उलटला… आणि त्याला हसू फुटलं. मागे ओळीने चार चित्रं होती. लुगडं तपासणारा व्यापारी, आणि दर चित्रात लुगड्यात आणखी खोल घुसलेलं त्याचं नाक. समोर कमरेवर हात ठेवून उभी एक ठसकेबाज बाई.

"ही कोण?"

"चंपाक्का. हसतासा काय? कागद नासला माझा!"

"पण ही बोलत का न्हाय?"

गुणाने कागद हिसकावून घेतला. मग रागानेच म्हणाली, "माझं अक्षर वाकडं हाय."

"मी शिकवतो की. तुमी मला हात काढायला शिकवा. माझी समदी माणसं खिशात हात घालून उभी असत्यात… बोटं जमत न्हाईत म्हणून."

हसू दिसू नये म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

दर रविवारी दुपारी तो गुणाच्या घरी, पुढच्या सोप्यात येऊ लागला. आत आप्पा, तिचे वडील, मागावर. हात धोट्यावर आणि कान बाहेर. परशराम बोरू तिरका कापायचा, दोन फिकट रेघा ओढायचा. "अक्षरं वरच्या रेघेला लोंबू द्या. आणि आधी बोलणं लिहायचं, मग भोवती फुगा. आधी फुगा काढला की शेवटचा शब्द चेंगरतोय."

"मूठ आधी, बोटं मागनं," ती त्याला पट्टी दाखवून दटावायची. एकदा मनगट कसं वळतं ते दाखवायला तिने त्याचं मनगटच धरलं… आतली मागाची खटखट थांबली. तिने हात मागे घेतला. खटखट सुरू झाली.

चार महिन्यांत चंपाक्काची गोष्ट पुरी झाली. शेवटच्या चित्रात ती व्यापाऱ्याला म्हणते, "न्हाय देत, जा!" परशरामने ती बेळगावच्या एका मासिकाला नेऊन दिली, मागोमाग दुसरीही.

अंक आला. गुणाने पान उघडलं आणि तिचं डोकं भणाणलं. चंपाक्का म्हणत होती, "क्षमा करा, मला हे मान्य नाही." खाली छापलं होतं, चित्रकार : परशराम.

अंक मुठीत आवळून ती थेट त्याच्या पाट्या रंगवायच्या दुकानात गेली.

"ही चंपाक्का हाय व्हय? का शाळंतली बाई?"

"संपादक म्हणाले, शुद्ध भाषा पायजे…"

"आणि माझं नाव?"

"बिनलग्नाच्या पोरीचं नाव चारचौघांत नको म्हणाले. मला वाटलं, तुमच्यासाठीच—"

"मला इचारलासा?"

तो कुंचला पुसू लागला.

"चित्रं माझी, बाई माझी, बोलणं माझं. आणि 'व्हय' म्हणायला तुमी!" तिचा आवाज कापला, त्याचाही तिला राग आला. "आमच्या दारात पुन्यांदा दिसू नगासा." तिने अंक त्याच्या रंगाच्या डब्यात बुडवला.

तीन रविवार रिकामे गेले. तिने त्याचं चित्र काढलं, गाढवाचे कान लावले. डोळे मात्र फार छान आले. तिने कागद फाडला, पुन्हा काढला. पुन्हा डोळे तसेच…

चौथ्या रविवारी तो धुळीने माखून दारात उभा.

"पुढची गोष्ट संपादकांकडनं परत घेतली. मोटारीनं निपाणीला गेलतो. तिथला छापखानावाला बोलणं हाय तसं छापतो म्हणाला. तुमचं नाव बी. पर मी व्हय म्हटलं न्हाय. इचारून येतो म्हटलं."

"चूक कुणाची हुती?"

"माझी. त्यांना भ्यालो. आणि… छापील नावाची हाव बी सुटली. खरं सांगतो."

एवढं खरं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. आता भांडायचं तरी कशावर? याचाच तिला जास्त राग आला.

"गुणे," आतून आप्पा ओरडले, "भांडायचं तर आत घेऊन भांड! रस्त्यावर माणसं गोळा व्हाय लागल्यात."

ती पाय आपटत आत गेली, कागद पसरला, बोरू शाईत बुडवला. चित्रे आणि अक्षरे : गुणा. अक्षरं रेघेला सरळ लोंबत होती. तिथे ती थांबली.

"आडनाव?" त्याने विचारलं.

"त्येला जागा सोडतीया."

"का?"

"किती सोडू ते कळंना." तिने मान वर केली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुमचं आडनाव केवढं हाय?"

परशरामचे हात आपोआप खिशात गेले.

"बोला की! आताच मुकं झालासा व्हय?" ती खेकसली. "शाई वाळाय लागलीया!"

शेवटी आतून आप्पाच म्हणाले,

"चार अक्षरी हाय, लिही. मी कवाच चौकशी केलीया."