रिकाम्या रकान्याची सरासरी

चहाच्या यंत्रापाशी ती मैत्रिणीला सांगत होती, की ही भाषा ज्या गाढवाने रचली त्याला आधी शाळेत घालायला हवं.

"कितवीत?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. कप हिंदकळला. गाढव उभं होतं — उंच, विस्कटलेलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून.

त्याची ती छोटी संगणकभाषा गबाळे तक्ते घेऊन हव्या त्या आकारात फिरवून द्यायची. हिला त्या भाषेच्या चाचण्या लिहायला नेमलेलं. ही माहिती घाल, हे उत्तर यायला हवं. आलं तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. सकाळी ती त्याची भाषा फोडायची, दुपारपर्यंत तो सांधायचा.

"आज किती मुडदे?" तो विचारायचा.

"भरपूर. अजून गरम आहेत."

खुर्च्या शेजारी कधी सरकल्या, दोघांनाही कळलं नाही... बाकी सगळ्यांना कळलं.

भाषा गिऱ्हाइकाला द्यायच्या आदल्या दिवशी सगळे दिवे हिरवे होते. तिने सहज एका गावाच्या तापमानाची सरासरी काढून पाहिली, तर भर उन्हाळ्यात गाव गारठलं. ज्या दिवसांची नोंदच नव्हती, ते भाषेने शून्य अंशाचे धरले होते.

खणत गेली, तर मूळ तिच्याच चाचणीत. रिकामा रकाना सरासरीत धरायचाच नसतो. तिने शून्य धरून उत्तर लिहिलेलं. आणि या शहाण्याने चूक दाखवायची सोडून चांगली चालती भाषा तिच्या चुकीबरहुकूम वाकवली होती. बाईला जपायचं म्हणून खरं सांगायचं नाही — असल्या जपण्याइतका अपमान दुसरा नाही.

तिने खुर्ची गर्रकन वळवली. "मी चुकले होते, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा चेहरा पडला असता..."

"पडू दे. माझा मी उचलीन. माझ्या हिरव्या दिव्यावर लोक विसंबतात, आणि तू तो मला खूश करायला लावतोस? उद्या म्हणशील मी सुंदर दिसते. ते तरी खरं कसं मानू?"

तो पडद्याकडे वळला. तिला वाटलं, संपलं.

"तू चुकलीस," तो म्हणाला. "साफ चुकलीस. तारखांच्या चाचणीतही चुकली आहेस. आणि काम करताना गुणगुणतेस ते ठार बेसूर असतं." त्याने श्वास घेतला. "तू शेजारी नसलीस की माझा दिवस जात नाही. हे खूश करायला सांगत नाहीये."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने चाचणीतलं उत्तर दुरुस्त केलं. दिवा लालभडक झाला, आणि तिला हसू आवरेना.

"सांध आता," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला.

एका हाताने टंकणं अवघड होतं. पण सोडायचं कुणीच सुचवलं नाही.