तळाची गोड पोळी

"हाड! हाड! ज्ञानू, त्या कोपऱ्यात बघ, दोन कावळे!" अंजना ओरडली.

"दोन न्हाईत, तीन हायत. तिसरा हरी हाय!"

खरंच! सांगलीहून सुट्टीला काकांकडं आलेला हरी परातीजवळ उकिडवा बसून वाळत घातलेल्या आंबापोळीची कड नखानं सोलत होता. शरयूनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण तोवर तुकडा तोंडात गेला होता.

"अगं, किती गोड आहे ही! साखर कुठून आणलीत?"

"साखर?" अंजना म्हणाली. "रेशनावर च्यापुरती मिळंना! नुसता रायवळ आंब्याचा रस हाय त्यो."

किती दिवसांनी कुणीतरी आईच्या पोळीला चांगलं म्हणालं होतं! अंजनाला बरं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. गेल्या वर्षापर्यंत आंब्याच्या दिवसांत तिच्या आईच्या, राहीबाईच्या घराच्या सपाट माळवदावर पाऊल ठेवायला जागा नसायची. शेंदूरवाडीच्या बायका आपापले आंबे पाट्या भरभरून आणायच्या. रस गाळणारे हात पुष्कळ असत, पण पसरायचा तो राहीबाईनंच. तिच्या तळव्याखाली रस असा एकसारखा पसरे, की थरावर थर चढले तरी पोळीला कुठं गाठ नाही की भोक नाही.

यंदा माळवदावर चार पोरं आणि कावळे, एवढेच होते.

गावात पोरं आजारी पडत होती. पोट मुरडून यायचं, ओकाऱ्या व्हायच्या, तोंडं पांढरीफटक पडायची. साळूबाईची तीन वर्षांची नात तारा आकडी येऊन गेली. अंजनाचा पाच वर्षांचा भाऊ धुळा अंथरुणाला खिळला होता. आधी लोक म्हणाले, ऊन बाधलं. मग साळूबाईच म्हणाली, "ज्या ज्या घरात पोर पडलंय, त्या त्या घरात राहीच्या हातची पोळी गेलीया!" झालं! राहीबाईचा नवरा मानसिंग पलटणीतून ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेला, वर्षभर त्याचं पत्र नाही. गावानं सगळं जोडून टाकलं. तिच्या हातालाच दोष आहे, तिचा हात लागेल ते पोर जगत नाही! रविवारी देवळात पंच बसणार होते. राहीबाईला माहेरी हाकलायचं, असं निम्म्या गावानं ठरवूनच ठेवलं होतं.

अंजनाचंही पोट दुखत होतं. पण हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर आईवर आणखी एक आळ आला असता!

"या फळीवरची मात्र आंबट आहे," हरी म्हणाला. तो तेवढ्यात दुसरीकडं पोचला होता.

"एकाच झाडाचे आंबे?" शरयूनं विचारलं.

"एकाच," अंजना म्हणाली. "दर साली फळ्यांवरच घालतो आमी. यंदा आंबा लय आला, फळ्या पुरंनात. म्हणून आयेनं देवळातनं गावकीच्या पराती आणल्या. परातीवरचीच लय गोड झाली. पोरं तळाच्या थरासाठी भांडायची."

शरयूनं कपाळाला आठ्या घातल्या. तिला आठ्या घालून विचार करायची सवय होती, आणि त्यापायी ती बाराव्या वर्षीच शाळेतल्या बाईंसारखी दिसायची. "फळीवरची पोळी कुणाकडं गेली?"

"पयली गेली ती धोंडुबाईकडं."

"त्यांच्याकडं कुणी आजारी आहे?"

"न्हाई. तिची पोरं तर दिवसभर नदीत डुंबत्यात!"

"आणि नानासोंच्या घरी?"

नानासो म्हणजे गावकीच्या भांड्यांचे कारभारी. लग्नकार्याला लागणाऱ्या तांब्याच्या पराती, हंडे, तपेली त्यांच्याच किल्लीखाली असत.

"त्यांनी पोळी घेतलीच न्हाई," अंजना आठवून म्हणाली. "कुणी आजारी पडायच्या आधीची गोष्ट. आयेनं परातीवरची मोठी पोळी दिली, तर सांजच्याला गड्याच्या हाती परत धाडली. आयेला लय वाईट वाटलं."

कुणीच आजारी नसताना नानासोंनी पोळी परत का पाठवली?

ज्ञानू रिकाम्या परातीत चिकटलेली पोळी बोटांनी खरवडत होता. हा अंजनाचा चुलतभाऊ. त्याचा जीव वारणेत आणि माशांच्या जाळ्यात. एकदम तो आपल्या बोटांकडं बघत राहिला.

"अंजने, हे बघ. बोटं काळी झाली."

"मग धू की!"

"तसं न्हाई गं! जाळं धुतल्यावर माझी बोटं अश्शीच काळी होत्यात. जाळ्याच्या शिशानं!"

तो जिना उतरला आणि जाळं खांद्यावर टाकूनच वर आला. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले होते. त्यानं एक मणी चुन्याच्या भिंतीवर ओढला. पेन्सिलीनं काढावी तशी करडी रेघ उमटली.

"आता परात पुसून बघू," शरयू म्हणाली. "पांढरं काहीतरी हवं. हरी, टोपी काढ!"

"माझीच का? काकू मारतील मला!"

पण टोपी गेलीच. कोरड्या परातीवर घासली, तर तिच्यावर काळा पट्टा! मग चौघंही विष्णुपंत काकांच्या घरी धावली. स्वयंपाकघरातलं कल्हईचं तपेलं उचलून शरयूनं टोपीची दुसरी बाजू त्याच्यावर घासली. काही नाही! टोपी पांढरी ती पांढरीच. कल्हई कथलाची असते. देवळातल्या परातींना मात्र भलतंच काहीतरी फासलं होतं.

विष्णुपंत गावचे वैद्य. आजारी पोरांना काढे देऊन देऊन ते थकले होते, कारण एकाही काढ्याचा गुण येत नव्हता. त्यांनी टोपी पाहिली, ज्ञानूचं बोलणं ऐकलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"शिसं! आंबट रसात शिसं उतरलं. ते विष गोड लागतं! म्हणून गोडी आली... मी जंतांची औषधं देत बसलो! अंजने, धुळा आत्ता काय खातोय?"

धुळा दुसरं काही खातच नव्हता. भात दिला तर ओकायचा, दूध दिलं तर तोंड फिरवायचा. एक आंबापोळी तेवढी चोखायचा. आणि आई त्याच्यासाठी तळाचा गोड थर वेगळा काढून ठेवायची.

ती धावली. आयुष्यात इतकं ती कधी धावली नव्हती. घरात राहीबाई धुळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पोळीचा तुकडा त्याच्या ओठांशी धरत होती.

"आये, देऊ नगं! इख हाय त्यात!"

तुकडा खाली पडला. मागून आलेल्या विष्णुपंतांनी दारातच सगळं सांगितलं. राहीबाई आपले दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडं बघत राहिली. अंजनाला ते बघवेना.

"तुझ्या हातांचा काही दोष नाही, राहीबाई," विष्णुपंत म्हणाले. "ऊठ. मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं त्याला, आत्ताच्या आत्ता."

बैलगाडी जुंपली. विष्णुपंतांनी अंजनाचं पोटही दाबून पाहिलं. मग मात्र तिला खरं सांगावंच लागलं. "पोळी बंद, दूध पी, आणि घरच्या घरी थांब," त्यांनी दरडावलं. जाता जाता त्यांनी नानासोंच्या दारात गाडी थांबवली. ते कल्हईबद्दल विचारत होते, ते गाडीमागं आलेल्या अंजनानं ऐकलं. नानासो ओसरीवरून म्हणाले, "कल्हई कथलाचीच हाय, पंत! तुमचं औषध लागंना म्हणून आमच्या भांड्यांवर ढकलता व्हय?"

वाद घालायला वेळ नव्हता. गाडी स्टेशनाकडं गेली.

आता गावात कोण उरलं? चार पोरं आणि एक काळी टोपी! त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. धोंडुबाईनं ऐकून घेतलं, पण बाकीच्यांनी हाकललं. "आईला वाचवायला पोरगी कायबी बोलती!" त्यात सोमवारच्या लग्नात त्याच परातींत कढी ओतायची होती. सगळं गाव जेवणार होतं.

"टोपीनं काम भागणार नाही," शरयू म्हणाली. "नानासोंनीच सांगायला हवं."

"त्ये कशाला सांगत्यात?" ज्ञानू म्हणाला.

"त्यांना ठावं हाय," अंजना हळूच म्हणाली. "ठावं नसतं तर पोळी परत धाडली नसती. तोंडानं न्हाई सांगणार त्ये. पर भैरोबाचा परसाद मातुर कुणाला नाकारता येत न्हाई."

शरयूच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच गेल्या.

रविवारी उन्हं कलायच्या सुमाराला गाव देवळात जमलं. साळूबाई खांबाला टेकून बसली होती. तारा गेल्यापासून तिनं केस विंचरले नव्हते. पंच बोलायला सुरुवात करणार, तोच अंजना परात घेऊन आत आली. परातीत आंबापोळी होती. तिनं परात भैरोबापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि पोळीचे तुकडे केले.

"माझ्या आयेच्या हातची पोळी हाय, याच परातीवरची. तिचा हात वाईट म्हणता, तर देवाम्होरं परसाद घ्या आणि सांगा. नानासो, पयला मान तुमचा."

नानासोंनी तळहात पुढं केला. प्रसाद घेतला. कपाळाला लावला. आणि मग तो मुठीतच राहिला.

"खावा की, नानासो!" ज्ञानू म्हणाला.

"खातो की... घरी जाऊन खातो."

"परसाद कवापासून घरी न्यायला लागलात?" म्हातारे पाटील म्हणाले. सगळं देऊळ नानासोंच्या मुठीकडं बघू लागलं. नानासोंच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी तुकडा ओठांपर्यंत नेला, आणि हात खाली आणला.

अंजनानं दुसरा तुकडा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. "अगं पोरी!" नानासो ओरडले. "थुक ती! थुक आधी!"

अंजनानं चावून चावून तुकडा गिळला. "मला कायबी व्हायचं न्हाई. ही फळीवरची हाय. परात बी धोंडुबाईच्या घरची हाय. पर तुमी का भ्याला, नानासो?"

नानासो मटकन खाली बसले.

"कल्हईवाल्यानं बजावलं व्हतं," ते पुटपुटले. "लढाईपायी कथील मिळंना. शिसंच जास्ती हाय, आंबट घालू नका म्हणाला. मी म्हटलं, काय बी लाव, पांढरं दिसलं म्हंजे झालं. राहीबाई पराती न्यायला आली, तवा सांगायचं राहून गेलं. मग आठवलं, तर वाटलं, गाव म्हणंल भांडी बिघडवली... आणि तारा गेल्यावर तर तोंडच उघडंना."

"सांगायचं राहून गेलं!" पाटलांचा आवाज चढला. दोघं-तिघं नानासोंच्या अंगावर धावून गेले. पाटलांनी त्यांना आवरलं, नानासोंच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि लग्नघरी निरोप धाडला, कढी त्या परातींत ओतायची नाही.

साळूबाई मात्र जागची हलली नव्हती. ती कुणाकडंच न बघता बोलत होती. "माझ्या ताराला म्याच भरवली. तळाची. गोड लागती म्हणून रडायची, तर म्याच भरवली."

शिव्याशाप ऐकायला अंजना तयार होती. याला ती तयार नव्हती. आपण जिंकलो, असं तिला मुळीच वाटलं नाही. तिला फक्त घरी जावंसं वाटलं, आणि घरी तर आई नव्हती!

"शाबास!" पाटलांनी चौघांच्या पाठी थोपटल्या. "पोरं म्हणून हाकललं आमी, पर तुमीच गावाचे डोळे उघडलेत! काय हवं ते मागा!" हरीनं नवी टोपी मागितली, कारण काकू खरोखरच मारणार होत्या.

"मला शाबासकी नगं, पाटील," अंजना म्हणाली. "आये आली म्हंजे तिला ह्येच समद्यांम्होरं सांगा."

पाटलांनी शब्द पाळला. मिरगाच्या आधी राहीबाई धुळ्याला घेऊन परतली. धुळा वाचला होता. पण हाडाची काडं झाली होती, आणि उजव्या हातातून वाटी निसटत होती. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. देवळासमोर पाटलांनी सगळ्या गावादेखत राहीबाईची क्षमा मागितली. नानासोंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं ऐकून घेतलं. घरी आली, आणि दोन्ही हात पदराखाली धरून कोपऱ्यात बसली. धुळ्याला भरवायचं झालं, तरी अंजनाला हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी दारात कुणीतरी खाकरलं. साळूबाई होती. डोक्यावर आंब्यांची पाटी, काखेत घासून पांढरी केलेली फळी. राहीबाई भिंतीला चिकटून उभी राहिली.

"शेवटचे आंबे हायत," साळूबाई म्हणाली. "पाऊस यायच्या आत वाळाया पायजेत. रस मी गाळते. पसरायला माझा हात बसत न्हाई."

"साळूआक्का, माझ्या हातानं..."

"तुझ्याच हातानं, राही!"

मग राहीबाईनं पदराखालून हात काढले आणि ते कोपरापर्यंत धुतले. माळवदावर साळूबाईनं रस ओतला. राहीबाईचा तळवा आधी अडखळला, मग रस एकसारखा पसरत गेला. तिनं बोटाला लागलेला थेंब जिभेवर ठेवला.

"लय आंबट हाय, आक्का."

"असू दे," साळूबाई म्हणाली, आणि तिनं धुळ्याला मांडीवर ओढून घेतलं.